देज म्हणजे विक्री नव्हे : इतिहास अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ, यांस

स.न.वि.वि.

याच विषयावर मी आपल्याला याआधी दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. यंदा जूनमध्ये द्वितीय वर्षाच्या आफ्रिकेच्या इतिहासाची सुधारित पुस्तिका हातात आली. ज्या चौथ्या प्रकरणाबद्दल मी लिहिलं होतं, त्यातली एक ओळही बदललेली नाही. म्हणून तिसरं पत्र उघड लिहिते आहे. ही पुस्तिका शेकडो मुलं वाचतात, तेव्हा तिच्याविषयीचं बोलणंही सगळ्यांसमोर व्हावं.

त्या प्रकरणाचं सार असं : वसाहतपूर्व आफ्रिकेत बायका गुरांच्या मोबदल्यात विकत घेतल्या जात, ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आणि ब्रिटिश कायद्याने ही खरेदी थांबवली आणि त्यामुळे आफ्रिकी स्त्रीला माणूस म्हणून स्थान मिळालं. यावर गेल्या परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न आला. माझ्या एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिलं की ती खरेदी नव्हती आणि ती प्रथा बंदही झाली नाही. तिला शून्य गुण मिळाले. फेरतपासणीत उत्तर नमुना उत्तराशी जुळत नाही एवढाच शेरा आला. ती मुलगी तलासरीकडची आहे. तिच्या घरात आजही देज, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी जाणारं धन, देऊन-घेऊन लग्नं होतात.

मीही त्याच भागातली. वारली. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर वाढले, आणि आता एकवीस वर्षं इतिहास शिकवते. माझ्या आजीचं देज आजोबांनी दिलं होतं, थोडे रुपये आणि थोडं भात. लग्न धवलेरीनेच लावलं, कारण आमच्यात लग्न बाईच लावते. पण देजासाठी आणि लग्नातल्या जेवणासाठी आजोबांनी सावकाराकडून कर्ज काढलं आणि ते लग्नगडी झाले. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : लग्नासाठी उचललेल्या पैशाच्या बदल्यात नवऱ्याने सावकाराच्या शेतावर राबायचं, बरोबर बायकोनेही राबायचं, आणि कर्ज कधी फिटलं ते सावकाराच्या वहीने ठरवायचं. वही वाचता येणारा माणूस आमच्या पाड्यावर नव्हता. १९४५ नंतरच्या उठावात वारल्यांनी ही पद्धत मोडली तेव्हा आजी-आजोबा सुटले. आजीला मी विचारलं होतं, तुला विकलं असं वाटलं का गं? ती म्हणाली, बापाने देज घेतलं म्हणून तर मला सासरी मान होता. बांधलं ते सावकाराने.

आफ्रिकेतल्या लोबोलाविषयी, म्हणजे तिथल्या देजाविषयी, वाचायला लागले तेव्हा आजीचं हे वाक्य माझ्या मनात सतत होतं. तिथेही प्रथा एक आणि तिच्यावर येऊन बसलेलं कर्ज, कर आणि कायदा हे दुसरं. आपल्या पुस्तिकेने या दोन्ही गोष्टी एक करून टाकल्या आहेत. माझी मुख्य तक्रार हीच. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

आधी शब्दाबद्दल. एकाच प्रकरणात तुम्ही लोबोलाला एका ठिकाणी हुंडा म्हटलं आहे, दुसऱ्या ठिकाणी वधूमूल्य, तिसऱ्या ठिकाणी स्त्रीखरेदी. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो. लोबोला मुलाच्या घरून मुलीच्या घरी जातो. दिशाच उलटी आहे आणि ही चूक कोणत्याही मराठी माणसाला न शिकवताही कळेल. ‘मूल्य’ हा शब्दही निर्दोष नाही. इंग्रजीतसुद्धा यावर मोठा वाद झाला. १९३१ साली मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी ‘ब्राइड-प्राइस’ हा शब्द टाकून ‘ब्राइडवेल्थ’ वापरावा असं मांडलं, कारण किंमत म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहतो. अभ्यासकांनी बहुतांशी ते मान्य केलं. नव्वद वर्षं उलटून गेली. आपण अजून किमतीवरच अडलो आहोत.

तिथल्या लोकांकडे स्वतःचे शब्द आहेत. झुलूंचा इलोबोलो, त्स्वानांचा बोगादी, बासोथोंचा बोहाली, शोनांचा रूरा. पुस्तिकेत यातला एक तरी शब्द छापायला काय हरकत होती?

आता त्या गुरांबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथे सुरू होतो. झुलू किंवा खोसा घरात गुरं ही पैशासारखी खर्चायची वस्तू नव्हती. मुलाकडचे मध्यस्थ, झुलू भाषेत अबाखोंगी, मुलीच्या घराच्या फाटकाशी येऊन उभे राहत, बोलणी सुरू होत, आणि गुरं एकदम येत नसत. काही आता, काही पुढच्या वर्षी, काही पहिलं मूल झाल्यावर, काही तर पुढच्या पिढीत. देणं शिल्लक राहिलं म्हणजे दोन घरांतलं जाणं-येणंही शिल्लक राहिलं. मुलीसाठी आलेली गुरं बऱ्याचदा तिच्या भावाच्या लग्नात जात. म्हणजे भावाचा संसार बहिणीच्या गुरांवर उभा राही, आणि बहिणीचा त्या घरावर हक्क राही. नवऱ्याने विनाकारण हाकललं तर त्याची गुरं बुडत. बाई छळाला कंटाळून माहेरी आली तर तिला ठेवून घेणं बापावर बंधनकारक होतं, कारण तिच्या नावाची गुरं त्याच्या गोठ्यात होती. थोडक्यात गुरं ही जामीन होती.

त्यातलं एक जनावर आईचं असे. झुलूंमध्ये त्याला इंगकुथू म्हणतात. शोनांमध्ये आईच्या गाईला वेगळं नाव आहे, मोम्बे येउमाइ, आणि तिच्यावर बापाचाही अधिकार चालत नाही. ज्या व्यवहारात आईला तिच्या स्वतःच्या मालकीची गाय मिळते, त्याला मुलगी विकणं म्हणताना लिहिणाऱ्याचा हात जरा थांबायला हवा होता.

आणि मुलांचं काय? बासोथोंची म्हण आहे : मूल गुरांचं असतं. अर्थ असा, की ज्या घराण्याने गुरं दिली त्या घराण्याचं मूल. लोबोला प्रामुख्याने मूल कोणत्या घराण्यात मोजायचं ते ठरवतो. बाई स्वतः तिच्या बापाच्या कुळाचीच राहते, तिचं कुळनाव बदलत नाही. आफ्रिकेतल्या काही समाजांत, उदाहरणार्थ लोवेडूंमध्ये, एखादी बाई स्वतः गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावू शकत असे आणि होणारी मुलं तिच्या घरची धरली जात. बाजाराच्या हिशेबात हे कसं बसवायचं? बसत नाही, म्हणूनच बहुधा ते पुस्तिकेत नाही.

खोसांमध्ये गुरं न देता नेलेल्या बाईला मांजर म्हणून हिणवत, कारण मांजर तेवढं फुकट देतात. मिशनऱ्यांना जी बाईची अप्रतिष्ठा वाटली तीच कित्येक बायकांना आपली प्रतिष्ठा वाटत होती. हे विद्यार्थ्यांना कळायला हवं, मग त्यांनी त्यावर हवं ते मत बनवावं.

आता त्या ब्रिटिश कायद्याकडे येते, ज्याने खरेदी थांबवली असं तुम्ही लिहिता. १८४३ साली ब्रिटिशांनी आजच्या दक्षिण आफ्रिकेतली नाताळ नावाची वसाहत ताब्यात घेतली. तिथला आफ्रिकी लोकांचा कारभार पुढची तीस वर्षं प्रामुख्याने थिओफिलस शेपस्टन यांच्या हातात होता. १८६९ साली त्यांनी लग्नाचा कायदा आणला. लोबोला बंद केला नाही. त्याचा दर ठरवला : सामान्य माणसाच्या मुलीला १० गुरं, सरदार-मुखियांच्या मुलींना त्याहून जास्त, आईचं जनावर वेगळं. ही सगळी गुरं लग्नाच्या दिवशी किंवा त्याआधीच पोचती व्हायला हवीत, नंतरच्या बाकीसाठी दावा चालणार नाही. लग्नाला सरकारी साक्षीदार हवा, त्याच्यापुढे मुलीने मोठ्याने संमती सांगायची. आणि प्रत्येक लग्नामागे सरकारला ५ पौंड.

मुलीची संमती विचारणं हे चांगलंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाकीचं पाहा. जी देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालायची, दुष्काळात थांबायची, सुगीत पुढे सरकायची, तिला ठरावीक आकडा, ठरावीक दिवस आणि हातोहात चुकती करण्याची अट लागली. आकडा, मुदत, पूर्ण रक्कम आणि सरकारी साक्षीदार, हे सगळं एकत्र आलं की त्याला आपण काय म्हणतो? खरेदीखत. ज्याला सरकारने आधी खरेदी म्हटलं त्याला नंतर कायद्याने खरेदीचं रूप दिलं. १० ही वरची मर्यादा म्हणून आली आणि हळूहळू तोच किमान दर होऊन बसला. १० अधिक आईचं १, म्हणजे ११ गुरं, हा हिशेब झुलू घरांत आजही सांगतात, आणि पुष्कळांना तो पूर्वजांचा नियम वाटतो. तो एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा नियम आहे.

लग्नावरचा ५ पौंडांचा कर लोकांना इतका जाचला की १८७५ मध्ये तो काढावा लागला. पण त्याच वेळी झोपडीवरची पट्टी, म्हणजे दर झोपडीमागचा कर, ७ शिलिंगांवरून १४ शिलिंगांवर नेला. झोपड्या बायकांच्या संख्येप्रमाणे वाढत, तेव्हा भार पुन्हा लग्नावरच.

मग १८९६-९७ ची बुळकांडी, गुरांची जीवघेणी साथ. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला हा रोग समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक गुरं त्या साथीत गेली. लोबोला द्यायला गोठ्यात जनावर नाही आणि कर तर रोख हवा. तरुण मुलं विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत आणि गोऱ्यांच्या मळ्यांत गेली आणि पगारातून लोबोला साठवू लागली. गुरांची जागा पौंडांनी घेतली. आधी बाप मुलाला गुरं देत असे, आता मुलाच्या मजुरीवर बापाचं, भावांचं आणि सरकारचंही लक्ष. खाणमालकांना असा मजूर हवाच होता, ज्याला लग्नासाठी पैसा पाहिजे आणि पैशासाठी खाणीशिवाय दुसरी जागा नाही. हे वाचताना मला माझे लग्नगडी आजोबा आठवतात. तुमच्या पुस्तिकेत हा सगळा कालखंड दोन ओळींत आहे आणि त्या दोन ओळींत बुळकांडीचं नाव नाही.

मिशनऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलं आहे जणू ते सगळे एका तोंडाने बोलत होते. तसं नव्हतं, आणि खरा इतिहास तिथेच आहे.

अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेचे मिशनरी १८३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचले. हेच बोर्ड १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरमध्ये होतं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यांचंच. मराठी विद्यार्थ्याला हा दुवा सांगितला तर आफ्रिका त्याला एवढी लांबची वाटणार नाही. या बोर्डाच्या नाताळमधल्या मिशनने १८७९ मध्ये नियम केले, उम्सुंदुझीचे नियम म्हणून ते ओळखले जातात : बहुपत्नीक माणूस चर्चच्या मंडळीत नको, लोबोला नको, बिअरच्या बैठका नकोत. बासोथोंमध्ये १८३३ पासून काम करणाऱ्या पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशननेही बोहालीला विरोध केला. पण कित्येक अमाखोल्वा, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले झुलू, मिशनच्या नजरेआड लोबोला देत राहिले. मुलीला मांजर म्हणवून घेणं त्यांना मान्य नव्हतं आणि ख्रिस्तही सोडायचा नव्हता. दोन्ही निष्ठा खऱ्या होत्या.

नाताळचे अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो यांचं मत याच्या उलट. ज्याला आधीच दोन-तीन बायका आहेत त्याला बाप्तिस्मा देण्याआधी बाकीच्या बायका सोडायला लावणं हा त्या बायकांवर आणि मुलांवर अन्याय आहे, असं त्यांनी १८५५ पासून सांगितलं आणि १८६० च्या दशकात कँटरबरीच्या आर्चबिशपना उद्देशून लिहिलेल्या पत्रातही मांडलं. तेही एक खुलं पत्रच होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेने, ठरवलं की बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये. त्याच्या बायकांना मात्र काही परिस्थितीत द्यायला हरकत नाही. बरोबर १०० वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच परिषदेने ठरवलं की अशा माणसाने पुढे आणखी लग्न करू नये, पण आहेत त्या बायकांना टाकायची सक्ती त्याच्यावर असू नये. चर्चने स्वतः ज्या प्रश्नावर शंभर वर्षांनी मत बदललं, त्यावर आपली पुस्तिका अजून १८८८ मध्येच थांबली आहे.

सेचेलेची गोष्ट तर मी दरवर्षी वर्गात सांगते, पुस्तिकेत नसली तरी. आजच्या बोत्स्वानातल्या बाक्वेना जमातीचा राजा सेचेले. त्याच्याकडे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आले. सेचेले वाचायला झटपट शिकला, बायबल त्याने मनापासून वाचलं. बाप्तिस्म्यासाठी अट एकच, पाचातली एक बायको ठेवायची. त्याने चौघींना नवी वस्त्रं आणि सामानसुमान देऊन माहेरी पाठवलं. त्या मोठ्या घराण्यांतल्या लेकी होत्या, त्यांच्या बापांनी सेचेलेला पडत्या काळात साथ दिली होती. लिव्हिंग्स्टन यांच्या शाळेतल्या चांगल्या विद्यार्थिनींत त्यांतल्या काही होत्या. १ ऑक्टोबर १८४८ ला कोलोबेंगमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा जमलेली म्हातारी माणसं रडत होती. पुढच्याच वर्षी कळलं की सोडलेल्या एका बायकोला सेचेलेपासून दिवस गेले आहेत. लिव्हिंग्स्टन यांनी त्याला प्रभुभोजनापासून दूर केलं. सेचेले मात्र १८९२ मध्ये मरेपर्यंत आपल्या लोकांना बायबल सांगत राहिला.

मुलं मला विचारतात, चूक कोणाची? मी उत्तर देत नाही. त्या चार बायकांचं काय झालं असेल, एवढं फक्त विचारते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या बापांच्या गोठ्यातली गुरं परत करायची का, मुलं कोणाची धरायची, त्यांनी दुसरं लग्न करायचं की नाही, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बाप्तिस्म्याच्या विधीत नव्हतं. इतिहासाचा विद्यार्थी घडतो तो अशा ठिकाणी. नमुना उत्तर पाठ करून तो घडत नाही.

आणि सगळा बदल गोऱ्यांनीच केला असंही नाही. बोत्स्वानातल्याच बांग्वातोंचा राजा खामा तिसरा याने ख्रिस्ती झाल्यावर आपल्या राज्यात बोगादी स्वतःच बंद केला. दुसरीकडे इसाया शेंबे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या नाझरेथ बाप्टिस्ट चर्चने बहुपत्नीक घरांना आत घेतलं. दोघेही ख्रिस्ती, दोघेही आफ्रिकी. तुमच्या प्रकरणात आफ्रिकी ख्रिस्ती माणूस फक्त ऐकणारा आहे, ठरवणारा कुठेच नाही.

न्यायालयांबद्दल एकच खटला सांगते, कारण तो आपल्याला जवळचा आहे. १९१७, ब्रिटिश पूर्व आफ्रिका, म्हणजे आजचा केनिया. आमकेयो नावाच्या आरोपीविरुद्ध एका बाईची साक्ष होती. ती त्याची रिवाजाने लग्न झालेली बायको. तिथे आपलाच १८७२ चा भारतीय पुरावा कायदा लागू होता आणि त्याचं कलम १२२ नवरा-बायकोमधलं खाजगी बोलणं साक्षीत ओढण्यापासून वाचवत असे. मुख्य न्यायाधीश हॅमिल्टन यांनी ठरवलं की आफ्रिकी रिवाजाचं लग्न हे बायको विकत घेणं आहे, सुधारलेल्या अर्थाने ते लग्नच नाही, तेव्हा कलमाचं संरक्षण नाही. इथे ‘खरेदी’ हा शब्द केवळ वर्णन राहत नाही. त्या एका शब्दाने एका बाईचं बायकोपण कायद्यातून पुसलं. तुम्ही तोच शब्द नमुना उत्तरात ठेवला आहे.

याउलट दक्षिण आफ्रिकेत १९२७ च्या कायद्याने न्यायालयांना बजावलं की लोबोला किंवा बोगादी नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे असं म्हणता येणार नाही. हे आफ्रिकी लोकांवरच्या प्रेमातून झालं नाही, त्याच कायद्याने त्यांना वेगळ्या न्यायालयांत कोंडलं. पण वसाहतीच्या कायद्याने प्रथा थांबवली हे विधान इथेही टिकत नाही.

मी लोबोलाची आरती करायला बसलेली नाही. त्यात बायकांचं दुःख होतं आणि आहे. म्हाताऱ्या श्रीमंत माणसाशी लग्न ठरवलं म्हणून पळालेल्या मुली मिशनच्या दारात येत होत्या. नाताळमध्ये १८६९ साली सुरू झालेल्या इनांडा सेमिनरीने अशा मुलींना आसरा दिला, आणि त्या मुलींसाठी ते दार खरंच मुक्तीचं होतं. विधवेला दिराच्या घरी जावं लागणं, बापाला गुरं परत करता येत नाहीत म्हणून मार खाऊनही नांदावं लागणं, हे सगळं खरं आहे. युगांडातल्या मिफुमी या संस्थेने २००७ मध्ये याविरुद्ध दाद मागितली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वधूधन देणं-घेणं घटनाबाह्य नाही, पण लग्न मोडल्यावर ते परत मागणं घटनाबाह्य आहे, कारण त्यात बाईच्या प्रतिष्ठेला धक्का आहे. केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्यात नाममात्र रक्कमही लग्न सिद्ध करायला पुरते. आफ्रिकी बायका, वकील आणि न्यायाधीश आपला प्रश्न आपल्या शब्दांत सोडवत आहेत. हे शिकवलं तर मुलांना कळेल की प्रथा ही पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट अशी पेटीत बंद करायची गोष्ट नाही. आमच्या पाड्यांवरही देजाचा आकडा वाढला की आम्ही बायकाच आधी बोलतो.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलते. हा शब्द आपल्या पुस्तिकेत फक्त मिशनऱ्यांच्या अहवालांतून आला असं मला वाटत नाही. आपल्याकडेही बापाने शुल्क घेणं म्हणजे कन्याविक्रय, असं लग्न म्हणजे आसुर विवाह, ही शिकवण मनुस्मृतीपासून आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या वरच्या जातींच्या घरात मुरली. मुलीबरोबर पैसे देणारं घर कुलीन आणि मुलीसाठी देज देणारं घर हलकं, ही समजूत मी शाळेत असताना रोज अनुभवली आहे. व्हिक्टोरियन मिशनरी आणि आपले शास्त्रकार इथे एकमेकांना येऊन मिळाले, आणि त्या दोघांच्या मधे माझी विद्यार्थिनी सापडली. आफ्रिकेवरच्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच्या आईच्या लग्नाच्या आधारे लिहिलं, आणि ते उत्तर बरोबर होतं.

माझ्या मागण्या अशा.

लोबोलासाठी हुंडा आणि स्त्रीखरेदी हे शब्द काढावेत. पहिल्यांदा मूळ शब्द द्यावा आणि कंसात ‘देज’ असा खुलासा करावा. दोन्ही प्रथा तंतोतंत एक नाहीत, तेही तळटीपेत सांगावं. पण मराठीकडे स्वतःचा शब्द असताना तो वापरायला लाजू नये.

१८६९ चा कायदा, बुळकांडी, खाणमजुरी आणि आमकेयो खटला यांवर किमान चार पानं द्यावीत. त्यासाठी लागणारं टिपण मी तयार केलं आहे, मानधन नको.

आफ्रिकी आवाज आत आणावेत. केप वसाहतीच्या रिवाज-आयोगापुढे बंदिवान झुलू राजा सेत्श्वायो याने १८८१ मध्ये साक्ष दिली, ती उपलब्ध आहे. मिफुमीचा निकालही उपलब्ध आहे.

मिशनऱ्यांनी प्रथा बंद केली असं गृहीत धरणारा प्रश्न प्रश्नसंचातून रद्द करावा.

आणि त्या मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी. पाच गुणांनी तिचा वर्ग बदलतो, हे खरं आहे. पण बदलला नसता तरीही मी हे मागितलंच असतं.

मंडळाची पुढची बैठक कधी आहे ते कळवावं. बोलावलंत तर मी कागदपत्रं घेऊन येते. डहाणूहून पहाटेची गाडी धरली की अकरापर्यंत पोचता येतं. या वेळी उत्तर लेखी द्यावं ही विनंती, म्हणजे ते वर्गात वाचून दाखवता येईल.

जोहार.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापिका
डहाणू तालुका, जि. पालघर